आडवं आलेलं

सावद्याच्या स्टेशन रोडला माझं दुकान.
पाटीवर अजून बापाचंच नाव:
शालिक मशीन रिपेअरिंग. शिलाई, पिको, फॉल.
चाकूचं कुठेच लिहिलेलं नाही.

तरी सुपडू आला.
दिल्लीला केळी उतरवून परतलेला ट्रक
बाहेर अजून तापलेला,
आणि खिशातून त्यानं काढलं ते
काळं, चपटं, चष्म्याच्या घरापेक्षा बारीक.
अंगठ्यानं बटण सारलं की समोरच्या तोंडातून
सुळकन पातं येतं.
यायचं.
आता अर्ध्यात थांबतं, दुधाच्या दातासारखं हलतं.

"स्प्रिंग गेली असंल, ताई. नवी टाका.
मले परवा पुन्हा निघनं हाये."

गिऱ्हाइकाला नेहमी स्प्रिंगच गेलेली वाटते.

आधी मी पात्याचा कडेचा भाग चिमट्यात धरला,
हळूच पुढे ओढला.
टक्.
रूळ सोडलेला डबा रुळावर बसला.
बटण मागे, पातं आत. बटण पुढे, पातं बाहेर.
सुपडू हसला.
तिसऱ्या वेळी पुन्हा अर्ध्यात.

मग सहा स्क्रू. काढले तसे कागदावर मांडले,
कारण एक बाकीच्यांहून आखूड असतो
आणि चुकतो तोच.
झाकण निघालं, तर आत
वाळून काळा पडलेला केळीचा चीक,
तंबाखूची भुकटी, रस्त्याची धूळ, आणि त्या सगळ्याला
धरून ठेवलेलं खोबरेल.
"तेल घातलंस?"
"थोडंसं."
थोडंसं! बाप म्हणायचा, तेल म्हणजे माया,
जास्त झाली की जो येईल तो चिकटतो.

रॉकेलात ब्रश बुडवून सगळं धुतलं,
सायकलच्या पंपानं वारा मारला.
दोन्ही खटके धारेवर शाबूत.
स्प्रिंग उजेडात धरली: ठणठणीत.
आणि जोडता जोडता मला कळलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
की पातं आत असताना हिच्यावर ताण नसतो,
बाहेर आल्यावरही नसतो.
ताण फक्त अंगठा सरकतो तेवढ्यापुरता.
बाकी वेळ ही निजलेली.

तेव्हाच तोंडाशी, अगदी ओठात, ते दिसलं:
हिरव्या धाग्याचा तुकडा
आणि पांढऱ्या बटणाची नखाएवढी कपची.

धागे मी ओळखते. त्यातच गेली माझी नजर.
हा खिशाच्या अस्तराचा नव्हता.
सदऱ्याचा होता, काज-बटणाच्या पट्टीचा,
गाठ मारून दोनदा शिवलेला.
कुणीतरी घरी शिवलेला.

"चाकूत दोष नाही," मी म्हटलं.
"ह्याची घडणच अशी. जोर फार नसतो.
काही आडवं आलं की रूळ सोडतो, ढिला पडतो.
बिघाड नाही तो."

सुपडू ट्रककडे बघत राहिला.
टपावर कावळा केळीचं साल ओढत होता.
"पंडितचं," म्हणाला मग. "धाकल्याचं.
वजनकाट्यावर बोलाचाली झाली.
त्यो मागे पन नाही सरकला, ताई."

मी काही बोलले नाही.
मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेतला,
लावला, आणि लावल्याचं पुसून काढलं.
स्क्रू आवळले, मग पाव आटा मागे सोडले,
फार कसलं तरी पातं अडतंच.
वीसदा चालवलं. वीसदा आलं, वीसदा गेलं.

शंभर सांगितले. दीडशे ठेवले त्यानं.
"आन् एक बटन द्या."

डब्यात चाळून त्यातल्या त्यात तसंच शोधलं,
चार भोकांचं, पांढरं, जरासं पिवळट.
वीतभर हिरवा धागा त्याला गुंडाळून दिला.
चाकू उचलला त्यानं, बटणही,
आणि दोन्ही एकाच खिशात टाकत निघाला.

"अरे, वेगवेगळ्या खिशात ठेव!
पुन्हा अडकंल धागा."

गाडी चालू झाली होती.
ऐकलं की नाही, कोण जाणे.